गोमुखापलीकडचे आकडे

बेचाळीसनंतरची ती वर्षं. आमचे हे भूमिगत, सांगलीत कुठल्याशा घरी लपलेले. मी वाईला सासरी. एके सकाळी मामंजींनी मला माजघरात बोलावलं. म्हणाले, "सूनबाई, फितुरी झालीय. सांगलीतलं एक घर पोलिसांना कळलंय. कोणतं, ते आकड्यांत आलंय. अर्थ मलाही लागत नाही. चिठ्ठी नेलीत तर वाटेत झडती होईल. डोक्यातूनच न्यायला हवं."

शंभरावर आकडे! चुकले असते तर कुंकू माझं जायचं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही.

मामंजी पुजारी, पाठांतरात मुरलेले. प्रत्येक आकड्याला त्यांनी एकेक वस्तू दिली. शून्य म्हणजे लाडू, एक म्हणजे समई, तीन म्हणजे बेलाचं पान, चार म्हणजे चौरंग. मग आळीतल्या महादेवाच्या देवळात नेऊन नंदीपासून एकेका जागी त्या वस्तू मनाने मांडायला लावल्या. खांबाला लाडू चिकटवला, कोनाड्यात चौरंग कोंबला. "जितकं वेडंविद्रं, तितकं पक्कं," म्हणायचे. पहिल्या दिवशी गोमुखापर्यंत झालं. दुसऱ्या दिवशी मला गोमुखाच्या पलीकडे उभं केलं आणि तिथून नंदीकडे उरलेले मांडले.

मोटारीने साताऱ्याला, पुढे आगगाडीने सांगलीला गेले. वाटेत झडती झाली. शिपायाने गाठोडं उसकटलं, लाडवांचा डबासुद्धा उघडून पाहिला. मेल्याला काय मिळणार होतं डोंबल!

ठरल्या ठिकाणी एक माणूस भेटला, तो मला गल्लीबोळांतून ह्यांच्याकडे घेऊन गेला. हे किती वाळले होते! रडू आलं, पण आधी डोळे मिटले आणि आकडे म्हणायला लागले. त्या माणसाने पाटीवर लिहून घेतले. कुठे अडखळले नाही. मनात म्हटलं, वा गं बाई!

तो बराच वेळ आकड्यांवरून अक्षरं जुळवत बसला. मग म्हणाला, "वैनी, निम्मा निरोप लागतुय. म्होरलं समदं भुस्कट हाय. घराचा पत्ताच लागंना."

"एकही आकडा गळलेला नाही," मी फणकारले. वडिलांची पाठांतराची रीत ह्यांना ठाऊक होती. हे हळूच म्हणाले, "अगं, देवळातून पुन्हा एकदा चाल बघू."

पुन्हा डोळे मिटले. नंदी, खांब, कोनाडा, गोमुख. आणि माझे पाय तिथून मागे वळले. अगंबाई! महादेवाला पुरी प्रदक्षिणा कोण घालतं? गोमुखाचं तीर्थ ओलांडायचं नाही, मागे फिरायचं, नंदीवरून दुसऱ्या बाजूने पुन्हा गोमुखापाशी यायचं. जन्मभराची सवय. मी तशीच फिरले होते, त्यामुळे दुसरी बाजू सगळी उलटी म्हटली होती.

आता ओलांडायलाच हवं होतं. मनात का होईना, पण पाय उचलेना. ह्यांच्याच जिवासाठी निघालेली मी, आणि ह्यांच्याच जिवाला पाप लागेल म्हणून भीत होते. शेवटी "देवा, माझ्या माथी घे" म्हटलं आणि पलीकडे पाय टाकला.

आकडे सरळ आले. तो जुळवत गेला. कुठली गल्ली, दारात काय, शेजारी काय. मग पाटीवरचा हात थांबला आणि त्याने मान वर करून घराकडेच पाहिलं.

"वैनी, ह्येच घर हाय."

हे उठले, मागल्या दाराशी गेले. कडी काढली, दार ओढलं. ते बाहेरून लावलेलं होतं.