बंपरवरची पाटी

माझा पिकअप रिकामा असला की वाऱ्यासारखा पळायचा आणि भरला की म्हाताऱ्यासारखा कण्हायचा. मोखाड्याच्या आसपासच्या गावांतून मिरची, काकडी, दोडकी भरायची आणि त्र्यंबकचा घाट चढून नाशिकच्या मार्केटला लिलावाआधी पोचायचं, हा माझा धंदा. अर्ध्या घाटात गाडी दम टाकायची. दुसऱ्या गिअरवर काळा धूर सोडत आम्ही चढायचो आणि मागून येणारी एसटी हॉर्न वाजवून वाजवून माझा उद्धार करायची. ही दोन हजार सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट.

यावर इलाज सांगितला तो जव्हारच्या एका मिस्त्रीने. जवळच्याच पाड्यावरचा, तिशीचा माणूस. दहा वर्षं भिवंडीच्या एका गॅरेजात ट्रक खोलून परत आला होता आणि डेपोच्या खालच्या अंगाला पत्र्याची शेड टाकून बसला होता. लोक त्याच्याकडे पंक्चर काढायला जायचे, फार तर क्लच बदलायला. मोठं काम असलं की नाशिक. पाड्यावरच्या माणसाला इंजिनातलं काय कळणार, असं तोंडावर कोणी म्हणत नसे, पण गाड्या नाशिकला जात, त्यातच सगळं आलं.

"टर्बोची हवा तापते," इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "गरम हवा इंजिनाला पचत नाय. तिला थंड कराची. मोठ्या गाडीला इंटरकूलर रहते, तो आपून हिला बसवू."

जव्हार-मोखाडा या आमच्या दोन्ही तालुक्यांत तेव्हा असं काम कोणी केलेलं मला तरी ठाऊक नव्हतं. एक जीपवाला तिथेच उभा होता. तो म्हणाला, "तुझं नीट झालं तर माझीही आणतो." मिस्त्रीने नुसतं हसून घेतलं, पण ते वाक्य त्याने मनात जपून ठेवलं असणार. त्याच्या शेडचं पुढे काय होणार, हे माझ्या गाडीवर येऊन थांबलं होतं.

कूलर त्याने भिवंडीच्या भंगारातून शोधला. गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणला. त्याची जाळी इतकी नाजूक की बोटाने वाकेल. पाइपांची वळणं मोजायला त्याने टेप काढलीच नाही. बांबूची ओली कांब सोलून इंजिनाच्या अंगाअंगाने वाकवली, सुतळीने बांधली आणि सुकू दिली. ती कांब घेऊन पाइप वाकवून आणला, तो पहिल्या फटक्यात बसला. कूलर रेडिएटरच्या पुढे आला, म्हणून जुना बंपर कापावा लागला. जाड पत्र्याचा नवा बंपर घडवून त्याच्या मधोमध त्याने हातभर लांबीचं तोंड ठेवलं आणि त्यावर तारेची जाळी विणली, टोपली विणतात तशी. मी तीन दिवस स्टुलावर बसून सूचना देत होतो. त्यातली एकही त्याने ऐकली नाही, हे बरंच झालं.

गाडी ताब्यात देताना त्याने एकच गोष्ट सांगितली. "या तोंडासमोर काय पन लावू नको. हवा खाते ती." पाड्यावरची माणसं सगळ्यांना 'तू'च म्हणतात, त्यात कमीजास्त काही नसतं. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

घरी बायकोने गाडीला ओवाळलं आणि ताट तसंच धरून उभी राहिली. "हे काय? आ वासून बसल्यासारखी दिसतेय. मडक्याचंसुद्धा तोंड आपण झाकून ठेवतो." मलाही ते खटकतच होतं. शिवाय माझी आई त्याच वर्षी गेली होती, आणि गाडीवर तिच्यासाठी काहीतरी असावं हे माझ्या मनात घोळत होतं. मी पेंटरकडून पत्र्याची पाटी करून आणली. 'आईचा आशीर्वाद', लाल अक्षरांत. ती त्या तोंडावर अशी चपखल बसली की जणू मिस्त्रीने तिच्याचसाठी जागा ठेवली होती. दोन स्क्रू मी स्वतः आवळले. मिस्त्रीचं बोलणं आठवलंच नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल. आठवलं, पण आईच्या पाटीने काय अडणार आहे, असं वाटलं.

पहिल्याच भरल्या फेरीला घाटात गाडीने मान टाकली. पूर्वी नुसता दम लागायचा, आता तापमानाचा काटाही लालात गेला. दोनदा थांबून, पाणी ओतून मार्केटला पोचलो तेव्हा लिलाव संपला होता. मिरची पडेल भावात गेली. मी डोक्यात राख घालून दुसऱ्या दिवशी तडक जव्हार गाठलं.

शेडसमोर पाच-सहा जण चहा पीत होते, तो जीपवालाही होता. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "भिवंडीत दहा वर्षं काय गाड्या पुसल्यास? होती ती बरी होती, तीही घालवलीस." लोक हसले. जीपवाला कप खाली ठेवत म्हणाला, "आपण नाशिकलाच करू बाबा." ते मी ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. राग असाच असतो, जोडीला कोणी मिळालं की फुगतो.

मिस्त्री गाडीच्या पुढे आला, उकिडवा बसला आणि बसूनच राहिला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी अजून बडबडतच होतो. तो चहा पिणाऱ्यांकडे पाठ करून काहीतरी खुडबुड करत राहिला, मग बॉनेट उघडून पाना फिरवला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाइपचा क्लॅम्प ढिला रहला व्हता. माझी चूक. आता जा, घाट चढून ये."

मी उपकार केल्याच्या थाटात निघालो. मोखाड्याला माल भरला. घाट सुरू झाला आणि काटा आता लालात जाईल म्हणून मी त्यावर नजर ठेवली. काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. गाडी तिसऱ्या गिअरवर चढत होती, धूर नाही, कण्हणं नाही. वर पोचल्यावर विडी पेटवावी म्हणून शेजारच्या सीटवर काडेपेटी चाचपली, तर हाताला फडकं लागलं. फडक्यात काहीतरी कडक होतं. उलगडलं. 'आईचा आशीर्वाद'. दोन्ही स्क्रू फडक्याच्या कोपऱ्यात गाठ मारून ठेवले होते.

मी घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

परतताना थेट शेडवर गेलो. तो एकटाच होता, हात घासलेटने धूत होता. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस? तुझं गिऱ्हाईक गेलं."

"आईचे नावाची पाटी," तो म्हणाला. "ती आडवी आली, असा चार मानसांत कसा सांगाचा? मानसा तिच्यावर हसली असती." हात पुसून त्याने माझ्याकडून पाटी घेतली. "क्लॅम्प काय, कुनाचा पन ढिला व्हते." मग तो टपावर चढला आणि केबिनच्या वर, कपाळाच्या जागी, त्याने ती बसवून दिली.

मला धड आभारही मानता आले नाहीत. मी ड्रिलच्या आवाजात काहीतरी पुटपुटलो.

दुसऱ्या दिवशी पेंटरकडे गेलो. गाडीच्या मागच्या फाळक्यावर लोक शेरशायरी लिहून घेतात. मी लिहायला सांगितलं: 'कूलर मिस्त्रीचा, चूक माझी.' पेंटरने दोनदा विचारून खात्री करून घेतली. बाजाराच्या दिवशी मी गाडी मोखाड्यात मुद्दाम भर रस्त्यात उभी केली. जो विचारेल त्याला सगळी हकिकत सांगितली, स्वतःच्या अकलेसकट. लोक माझ्यावर पोटभर हसले. पुढच्या आठवड्यात जीपवाला शेडवर गेला, मग आणखी दोघे. मिस्त्रीने मात्र ती ओळ पाहिली आणि पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "पुस ते. बरा नाय दिसत." दर सर्व्हिसिंगला तो हेच म्हणायचा, आणि मी दर वेळी मान डोलवायचो.

त्या गाडीने मला पुढे कधी लिलाव चुकवायला लावला नाही. माझं घर तिच्यावर उभं राहिलं, आणि ती त्याच्या हातांवर. हे मी आजही कोणालाही सांगतो.

काही वर्षांनी गाडी विकली तेव्हा व्यवहार त्याच्याच शेडसमोर झाला. शेड आता मोठी झाली होती. त्याने न सांगता टपावर चढून पाटी काढली, पुसली आणि माझ्या हातात दिली. नवा मालक मागे जाऊन फाळका वाचत होता. म्हणाला, "हे काय लिहिलंय? रंग मारून टाकतो."

"नको," मिस्त्री म्हणाला. "पाटी त्याची व्हती, ती त्याला दिली. ही माझी हाय."

आणि खांद्यावरचं फडकं घेऊन तो फाळक्यावरची धूळ पुसायला लागला.