राक्षसाचे लाल कल्ले

मला राक्षसांचे सिनेमे आवडत नाहीत. छत्तीस वर्षं पोस्टात काढल्यावर घाबरायला मुद्दाम पडद्यावर काही बघावं लागत नाही. त्यातून लाळ गाळणारा, अंगावरून चिकट काहीतरी ओघळणारा राक्षस असला की मला उमासे येतात. तरीही मागच्या महिन्यात एका रविवारी, भर दुपारी, मांडीवर ताट घेऊन मी तसला सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. याचा दोष सर्वस्वी फेलिसिदादकडे जातो.

देवबागात आमची घरं लागून आहेत. मध्ये फक्त माडांची एक रांग. फेलिसिदाद चाळीस वर्षं मालवणच्या बाजारात मासे विकते, आणि तेवढीच वर्षं माझा अपमान करते. मला मासा पारखता येत नाही हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं. 'ताजा आहे का' असं विचारलेलं तिला खपत नाही. ती तोंडाने उत्तर देतच नाही. माशाच्या डोक्यामागचं झाकण अंगठ्याने उचलते आणि आतले कल्ले दाखवते. लाल असले तर घ्या, तपकिरी असले तर ती स्वतःच तो मासा मांजरापुढे टाकते.

मात्र या कामाची तिला शिसारी आहे. लग्न होऊन आली त्या वर्षी चर्चमध्ये एक बाई नाकाला रुमाल लावून तिच्या शेजारून उठली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. फेलिसिदाद ते विसरलेली नाही. म्हणून आपल्या एकुलत्या मुलीला, रिशेलला, तिने कधी माशाला हात लावू दिला नाही. घरात कोणी नसलं की पोरगी बाजारात आईशेजारी उलट्या खोक्यावर पुस्तक घेऊन बसायची. चुकून एखाद्या पेडव्याला बोट लागलं तर फेलिसिदाद तिचे हात साबणाने आणि वर लिंबाने, लाल होईपर्यंत घासायची. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि ती रिशेल चित्रकला शिकून मुंबईला कुठे गेली, तर सिनेमासाठी राक्षस बनवणाऱ्या एका कारखान्यात. रबर, स्पंज, डिंक, रंग. एकदा तिने घरी फोटो पाठवला, त्यात ती कोपरापर्यंत हिरव्या बुळबुळीने बरबटलेली होती आणि हसत होती. फेलिसिदादने तो फोटो मला दाखवला आणि म्हणाली, "घाणीतसून भायर काढलंय, नि ह्या बघा खंय जावन पडला." त्यानंतर दोन वर्षं मायलेकी फोनवर फक्त पावसापाण्याचं बोलत होत्या.

मग फेलिसिदादने फादरना सांगून मालवणच्याच एका शाळेत चित्रकलेच्या शिक्षिकेची जागा बघितली. रिशेलने सोमवारी दहाला हजर व्हायचं असं ठरलं. ती शनिवारी आली, आणि येताना अट घेऊन आली. तिने बनवलेल्या राक्षसाचा सिनेमा तिने टीव्हीला लावायला पेनड्राइव्हवर आणला होता; त्याचा दुसरा भागही निघणार होता.

"माय, तू तो पुरो बघ," ती म्हणाली. "बघून सांगलंस की ह्या काय काम नाय, तर मी सोमवारी शाळेत जातंय. परत मुंबयचा नाव घेवचंय नाय."

फेलिसिदादने लगेच माडांच्या रांगेतून मला हाक मारली. "पोस्टमास्तरांनू, जेवूक हयच येवा. साक्षीक कोण तरी होयो."

तर असा मी साक्षीदार. खुर्चीत मी, जमिनीवर फेलिसिदाद, दाराशी रिशेल, आणि पलंगावर तिचा बाप फॉस्टिन. हा माणूस सगळी उमर खवळलेल्या समुद्रात होडी घालत आला. सिनेमाचं नाव पडद्यावर यायच्या आत त्याने उशी पोटाशी घेतली होती.

सिनेमा आपल्याच बाजूच्या एखाद्या खाडीकाठच्या गावात घडत होता. खाडीतून चाळीस फुटांचं एक धूड यायचं आणि माणसं न्यायचं. पहिल्या दहा मिनिटांत त्याने एक बकरी गिळली आणि लाळेत भिजलेली एक चप्पल ओकून टाकली. माझ्या ताटात बांगड्याचं तिखलं होतं. मी ताट खाली ठेवलं. फेलिसिदाद शांतपणे बांगड्याचं डोकं चोखत होती.

लाळेने तिला काही होत नव्हतं. तिला किळस येत होती ती वेगळ्याच गोष्टींची.

"मगाशी थंय वाळू दिसा होती. आता होडी बुडता? भरती काय बशीन इली?"

मग, "आषाढात होडये खंय घालतत मेले? बंदी आसता."

मग एक कोळीण दाखवली, कोरी नऊवारी, गळाभर दागिने. "ही मासे कापूक बसली की लग्नाक?" आणि नायक वल्हं मारायला लागला तेव्हा तर तिने कपाळावर हात मारला, कारण तो ज्या बाजूला तोंड करून वल्हवत होता, होडी त्याच्या उलट्या बाजूला जायला हवी होती. प्रत्येक चुकीला ती रिशेलकडे बघायची. भरती रिशेलने आणली नव्हती, दागिने तिने घातले नव्हते, पण हिशेब तिच्याच नावावर चढत होता हे तिला दिसत होतं. मला तिची दया आली आणि सिनेमा काढणाऱ्यांचा मनापासून राग आला. इतका पैसा ओतता, तर एखाद्या माणसाला ओहोटी कधी असते ते विचारायला काय होतं?

मात्र एक गोष्ट मला खटकली. नायक मानेपर्यंत पाण्यात असताना वीज गेली. वीज गेली की फेलिसिदाद एरवी मागच्या दारी जाऊन सुकटीवरचे कावळे हाकलते. त्या दिवशी ती काळ्या पडद्यासमोरून हलली नाही. पंधरा मिनिटांनी वीज आल्यावर "लाव, लाव" असं पहिलं तीच म्हणाली. मीही खुर्ची थोडी पुढे ओढली होती, हेही सांगून टाकतो. लाज वाटते, पण ओढली होती.

शेवटाकडे गावकऱ्यांनी त्या धुडाला भाल्यांनी भोसकलं. ते वाळूवर पडलं. पडद्यावर अक्षरं आली, 'दोन दिवसांनंतर'. धूड तसंच पडलेलं. चष्मेवाली शास्त्रज्ञ आली, मेलं म्हणाली. गावाने ढोल आणले. कोणाच्याही नाकाला रुमाल नाही. दोन दिवस उन्हात पडलेला चाळीस फुटी मासा, आणि बायका त्याच्याभोवती गजरे माळून नाचतायत. मी ताट पायाने आणखी पुढे सारलं.

मग नायकाने काठीने त्याच्या डोक्यामागचं झाकण उचललं. आतले कल्ले पडदाभर दिसले. लालभडक.

फेलिसिदादचा संयम तिथे सुटला.

"ह्या तरी तू केलेला ना?" ती रिशेलवर उखडली. "दोन दिसांचो मेलेलो मासो, नि कल्ले असले? काळे पडाक होये. बाजारात माझ्या बाजूक बसान मोठी झालंस, तुका इतक्या कळूक नाय?"

रिशेल टीव्हीकडे बघतच नव्हती, आईकडे बघत होती.

फेलिसिदाद पुढचं बोलायला गेली आणि थांबली. मग उठली. खरकट्या हाताने टीव्हीपाशी गेली आणि बाजारात करते तसा अंगठा त्या झाकणाखाली घालायला गेली. काचेवर तिखल्याचा पिवळा ठसा उठला. ती वाकून बघत राहिली. पडद्यावर सगळे पाठ फिरवून नाचत होते.

"मेलेलो नाय," ती हळू म्हणाली. मग मोठ्याने, "फॉस्टिन, तो मेलेलो नाय. डोळो बघ, बसाक नाय अजून. पळा मेल्यांनू, नाचतास काय?"

फॉस्टिनने उशी तोंडावर घेतली. मी पाय खुर्चीवर घेतले. कल्ल्यांचं जनावर दोन दिवस वाळूवर जगलं कसं, हा प्रश्न त्या वेळी आमच्यापैकी कोणालाही पडला नाही. ढोल वाजत राहिले, वाजत राहिले, आणि मग ते झाकण आपोआप हललं. फेलिसिदाद दोन पावलं मागे आली ती थेट माझ्या ताटात.

गदारोळ आटोपल्यावर रिशेल म्हणाली, "डायरेक्टर काळे कर म्हणा होतो. लाल कोणाक कळतले, म्हणालो. मी म्हटलं, एका बायेक कळतले."

फेलिसिदादने पाय धुतले. भांडी घासली. ठसा मात्र पुसला नाही. "शिनेमा एकदम फटकूर," एवढंच म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली. रिशेलने थोडा वेळ वाट बघितली, मग शाळेत नेसायची साडी इस्त्रीला काढली. मला फार वाईट वाटलं. साक्षीदार म्हणून चार शब्द बोलायला हवे होते, पण या घरात माझ्या मताला माशाएवढीही किंमत नाही.

सोमवारी मी मासे खात नाही. तरी आठवडा बाजाराचं निमित्त करून सकाळच्या बसमध्ये बसलो. पुढच्या बाकावर मायलेकी होत्या. रिशेल इस्त्रीच्या साडीत, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल. मासळी बाजाराचा थांबा आला तेव्हा फेलिसिदादने टोपली उचलली, आणि दुसऱ्या हाताने रिशेलचं मनगट धरलं.

"उतर."

मी पाठोपाठ उतरलो. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी. फेलिसिदादने रिशेलला खोक्यावर बसवलं, फाइल काढून आपल्या पाटाखाली सारली आणि हातभर लांब इसवण मासा तिच्यासमोर ठेवला.

"घाल अंगठो. तसो नाय, मागसून. दात तू उलटे लावललंस, ह्याचे बघ कसे आसत. आणि सुक्यार दोन दिस तो जगलो कसो, ता तुझ्या डायरेक्टराक इचार. दुसरो भाग काढूचो आसा म्हणतंस ना, मगे असली चूक नको."

"माय, दहा वाजाक इले," रिशेल म्हणाली. "फादर वाट बघत आसतले."

"फादरांका मी सकाळीच सांगलंय. मिसाक गेललंय तेव्हा."

"काय सांगलंस?"

"माझा चेडू कामात आसा म्हणान."

रिशेलने माशाचा जबडा फाकवला. बराच वेळ ती त्या माशाच्या तोंडात बघत होती. तिचे हात रक्ताने आणि खवल्यांनी भरले होते, इस्त्रीच्या साडीवर डाग पडले होते. लहानपणच्या सवयीने तिने पाटाजवळच्या साबणाकडे हात नेला. फेलिसिदादने साबण उचलून मागे ठेवला.

"आता कित्याक?" ती म्हणाली. "अजून पोट फाडूचा आसा."