घासलेले नंबर

बाळांनो, आज आपला इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याने पॉलिश पेपरने बॅटरीची टोकं घासली, आणि धातूच्या पुडीच्या त्या वासाने मी थेट अमळनेरच्या आमच्या मागच्या खोलीत पोचले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझा धाकटा भाऊ सुरेश आणि मी तिथे भागीदारीत इन्व्हर्टर बनवायचो. कोणता पॉवर ट्रान्झिस्टर किती करंट सोसेल, हे इंग्रजी पुस्तकं वाचून मी ठरवत असे. जोडणी तो करायचा. माल बाहेर पडण्याआधी ट्रान्झिस्टरवरचे नंबर आम्ही दोघं हसतखेळत घासून टाकायचो, म्हणजे कोणाला नक्कल करता येऊ नये.

एका दुपारी त्याच्या टेबलावर नवा सेट दिसला. मी झाकण काढलं. आतले ट्रान्झिस्टर मी निवडलेले नव्हते, आणि त्यांचे नंबर आधीच घासलेले होते.

“सुरेश, हे कोणते रे?”

“अक्का, बठ्ठा बजार चोर शे,” सगळा बाजारच चोर आहे म्हणत तो हसला.

“मग मी बाजार का?”

“तू पण ना! आधी चहा ठेव.” त्याने टेबलावरची करडी पूड फुंकरीने उडवली.

मी चहा ठेवला. आलंही किसून घातलं. पुढे धुळ्यात त्याच्या एकट्याच्या नावाची पाटी लागली, तेव्हा नातेवाईक माझी समजूत काढायला आले. पण मला कळायचं ते त्या दुपारीच कळलं होतं.

सुरेशआजोबांकडे मी चहा का घेत नाही, असं तुम्ही मागे विचारलं होतं.