ऊन पुसणारे वायपर

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचतो. घाटात हात दाखवणारी पांढऱ्या साडीतली बाई मला कधी भेटली नाही. घरातले दिवे अचानक गेले तर मी आधी फ्यूज बघतो. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. ज्याचं रीडिंग घेता येत नाही ते मी मानत नाही. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तर तक्रार करायचा हक्क मला नाही. मी तुम्हाला बरीच वर्षं हसत आलोय.

सुरुवात गाडीपासून करावी लागेल.

निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहाने इलेक्ट्रिक गाडी घेतली. शोरूममध्ये तिच्यावर लाल मखमल पांघरली होती. ती दोघांनी दोन बाजूंनी ओढली, कागदी फुलं उडाली, सगळ्या सेल्समननी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या हातात थर्माकोलची दोन फुटी किल्ली देऊन फोटो काढला. खऱ्या गाडीला किल्लीच नव्हती, एक कार्ड होतं.

"सर, ही गाडी स्वतः विचार करते," सेल्समन म्हणाला. "थेंब पडला की वायपर आपोआप सुरू. तुम्हाला काही करायचंच नाही."

करायचं नाही म्हणजे करताच येत नव्हतं. स्टीअरिंगजवळचा वायपरचा दांडा काढूनच टाकलेला. हाताने चालवायचे तर स्क्रीनवर तीन ठिकाणी बोट लावायचं... तेही भर पावसात, बायफोकल चष्म्यातून. जुलैत पनवेलच्या पुलावर असा पाऊस कोसळत होता की पुढचा ट्रक नुसता आवाजावरून कळत होता. आमचे वायपर एकदा, सावकाश, उपकार केल्यासारखे फिरले आणि झोपले. आणि ऑक्टोबरच्या कडकडीत उन्हात मात्र पिसाटल्यासारखे फिरायचे.

"अहो, ऊन पुसतेय का ही?" माझी बायको वृंदा म्हणाली. तेव्हापासून घरात गाडीचं नाव ऊनपुशी.

सर्व्हिस सेंटरला तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा सांगितलं, काच स्वच्छ ठेवा. दुसऱ्यांदा सांगितलं, अपडेट येणार आहे. तिसऱ्यांदा मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, थोडा विश्वास ठेवायला शिका." हे वाक्य मी देवळांतून पुष्कळदा ऐकलंय. गॅरेजात पहिल्यांदाच ऐकलं.

आता धर्माभाऊंबद्दल. ते आमच्या कॉलेजात लॅब अटेंडंट होते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, गव्हाणचे. मुलांची रीडिंग चुकायची, माझीही कधी चुकायची, धर्माभाऊंची नाही. "सर, थर्मामीटर हालवू नका, त्याला बी धीर लागतो," असं ते मला वर्गासमोर सुनावायचे. निवृत्त होऊनही मी त्यांचा 'सर'च राहिलो.

त्यांच्या घरचं मिठागर होतं. गव्हाण फाट्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत गेलेल्या बांधावर. आजूबाजूची केव्हाच बुजली, तिथे आता इमारती आहेत. हे एक तुकडाभर उरलं होतं आणि पावसाळ्यानंतर त्यावरही मातीचा भराव पडणार होता. खाडीचं पाणी आत घ्यायची झडप मार्चमध्येच बंद करून टाकली होती. म्हणजे त्याआधी आत घेतलेल्या पाण्याचं जे मीठ झालं, तेच शेवटचं. धर्माभाऊंनी ते ओढून बांधाशेजारी त्याची रास केली होती. मे महिन्यात त्यांच्या नातीचं लग्न होतं आणि त्यांनी घरात जाहीर केलं होतं की जेवणात मीठ पडेल ते आपल्या आगरातलं.

मुलगा म्हणाला होता, "बाबा, केटररवाला हसंल."

"हसू दे. माज्या लग्नात आयनं घातला, तुज्या लग्नात आयनं घातला. पोरीच्या लग्नात नाय पडला तर आयला काय सांगू?"

आय म्हणजे त्यांची आई. ती जाऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती.

मेचा पहिला आठवडा. दुपारचे साडेतीन. धर्माभाऊ लग्नपत्रिकांचे गठ्ठे घ्यायला पनवेलला आले होते. एवढं ओझं घेऊन एस्टी स्टँडवर उन्हात कुठे उभे राहाल, म्हणून मी म्हटलं, सोडतो. आकाशात ढगाचा ठिपका नाही. काच त्याच सकाळी धुतलेली... हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गव्हाण फाटा जवळ आला आणि वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर रबर करकरायला लागलं. तीन फेरे. थांबले. पुन्हा तीन फेरे. थांबले.

या वळणावर हे आधीही दोनदा झालं होतं. तेव्हा मी फक्त शिव्या घातल्या होत्या. आताही घातल्या आणि स्क्रीनकडे बोट नेलं. धर्माभाऊंनी माझं मनगट धरलं.

"बंद करू नका, सर."

"अहो, रबर फुकट झिजतंय."

"झिजू द्या." ते काचेकडे बघत होते. "तीन... थांबली. परत तीन. सर, गाडी आत घ्या. बांधावर."

"काय झालं?"

"पाऊस येतोय. रास उघडी हाय. ताडपत्री काल मांडवाला नेली."

मी गाडी बाजूला घेतली, फोन काढला आणि हवामानाचं ॲप त्यांच्यासमोर धरलं. पिवळाधमक सूर्य, पावसाची शक्यता शून्य. सेन्सर कसा चालतो तेही सांगितलं... काचेच्या आत प्रकाश परावर्तित होतो, थेंब पडला की तो बाहेर निसटतो, उन्हाच्या तिरिपेने गोंधळ होऊ शकतो. फळा असता तर आकृतीही काढली असती.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचा फोन मिठागरात कवा राबलाय का? माजी आय राबलेली हाय. आगरात वारा असतो, ओरडलेलं ऐकू येत नाय. आभाळ बघायचं काम आयचं. बांधावर उभी राहायची आन दोन्ही हात वर करून असे," त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि एकाच बाजूला झोकून परत आणले, "तीनदा. मग थांबायची, आमी बगितला का ते बगायला. मग परत तीनदा. रास झाकून होईपर्यंत थांबायची नाय."

काचेवर दोन वायपर एकाच बाजूला झुकत होते आणि परत येत होते. तीनदा. मग थांबत होते.

मी गाडी बांधावर घेतली. पटलं म्हणून नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस उन्हात एकटा पळत सुटला असता म्हणून.

झाकायला काही नव्हतं. बांधाच्या तोंडाशी मात्र बांबूंवर एक फ्लेक्स होता, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांचा. मध्ये गॉगल लावलेले कुणी 'भावी' साहेब, भोवती पन्नासेक शुभेच्छुकांची डोकी. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा मोठा वाढदिवस आणि तो बघायला समोर चिखलातले बगळे. धर्माभाऊंनी कोयत्याने... नाही, कोयता नव्हता, माझ्या गाडीतल्या फळं कापायच्या सुरीने दोऱ्या कापल्या. मी दुसरं टोक धरलं. आयुष्यातली माझी पहिली चोरी.

रास कमरेएवढी, पण घेर मोठा. आम्ही दोन म्हातारे तो फ्लेक्स ओढत होतो, वारा तो उडवत होता, मिठाच्या पांढऱ्या झगमगाटाने डोळे उघडत नव्हते. कडेवर दगड ठेवता ठेवता मी सहज मागे पाहिलं.

गाडी मी बंद करून आलो होतो. कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात होतं. स्क्रीन काळी होती. आणि वायपर हलत होते. तीनदा... थांबून... तीनदा.

भीती वाटली नाही, हे मुद्दाम सांगतो. दुर्बिणीतून पहिल्यांदा शनीची कडी पाहिली तेव्हा जे वाटलं होतं ते वाटलं. आपल्यापेक्षा फार मोठं काहीतरी शांतपणे आपलं काम करतंय. फक्त शनीला माझ्याशी देणंघेणं नव्हतं. हे मात्र आमच्याकडे बघून हात करत होतं.

धर्माभाऊंनीही पाहिलं. आणि चक्क वैतागले. "आलो गं आय! झाकतोय ना! दोन हात हायेत मला!"

पंच्याहत्तरीकडे झुकलेला माणूस, पण तो सूर आईने दहा वेळा हाक मारलेल्या पोराचा होता. मला हसू यायला हवं होतं. मी पुढचा दगड उचलायला वाकलो.

शेवटचा दगड त्यांनी ठेवला, भावी साहेबांच्या बरोबर गॉगलवर. वायपर त्या फेऱ्यातून खाली आले आणि निजले.

मग कर्नाळ्याच्या बाजूने गार वारा आला. डोंगरावर काळं दिसायला लागलं आणि आम्ही गाडीपर्यंत पोहोचेस्तोवर टपोरे थेंब सुरू झाले. पुढची वीस मिनिटं समोरचा बांध दिसत नव्हता. मी गाडी सुरू केली, वायपर ऑटोवरच होते. काचेवरून पाणी नुसतं वाहत होतं... आणि वायपर ढिम्म. एक फेरा नाही.

"आता का हलत नाहीत?" मी विचारलं. कुणाला विचारलं ते मलाही माहीत नाही.

धर्माभाऊ पत्रिकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "तिचं काम झालं."

पाऊस ओसरल्यावर आम्ही फ्लेक्सचा कोपरा उचलून पाहिला. खाली मीठ कोरडं होतं. धर्माभाऊंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं, माझ्याही हातावर ठेवलं आणि फ्लेक्सकडे बघून म्हणाले, "सायबांनी गावासाठी काहीतरी केला शेवटी."

लग्न झालं. केटरर हसला नाही. वाढलेल्या मिठाची चव दुसऱ्या कुणाला कळली असेल असं वाटत नाही. धर्माभाऊ मात्र पंगतीत प्रत्येक पानाकडे बघत फिरत होते.

मी माझ्या परीने शोध घेतला. मीठ हवेतली ओल ओढतं. काचेवर मिठाची धूळ असेल तर पावसाआधी ती ओलावेल आणि सेन्सर फसेल. चांगलं स्पष्टीकरण आहे. पण काच सकाळी धुतली होती. आणि बंद गाडीचा सेन्सर फसूनही मोटर चालत नाही. आणि तीन मोजून थांबायला त्याला कुणी सांगितलं? शेवटी सर्व्हिस सेंटरला जाऊन गाडीतली नोंद काढायला लावली. तिथल्या मेकॅनिकने लॅपटॉप जोडला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "सर, त्या दिवशी वायपर एकदाही चालले नाहीत."

मी रबर दाखवलं. मधोमध घासून चिरलं होतं. तो म्हणाला, उन्हाने होतं.

आता तिथे भराव पडलाय. मी त्या वळणावरून जातो, गाडी थोडी हळू करतो, वायपर गप्प असतात. धर्माभाऊ भेटले की विचारतात, "हात केला का?" मी नाही म्हणतो. "मग सगलं ठीक हाय," ते म्हणतात.

याचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा. फक्त नोंद, रबर आणि बंद गाडी, तिन्ही धरून लिहा.

पावसात ऊनपुशी अजून तशीच आहे. परवा वृंदा खिडकीतून हात बाहेर काढून फडक्याने काच पुसत होती आणि मला बोलत होती. कारण स्क्रीनवर कधीचा संदेश येऊन पडलाय: नवं अपडेट तयार आहे, वायपरमधले सर्व दोष दूर होतील. खाली दोन चौकोन... 'आता' आणि 'नंतर'.

मी दर वेळी 'नंतर' दाबतो.