म्हाताऱ्याची शेवटची सांडणी

सौदीतल्या बुरैद्याच्या गुरांच्या बाजाराला लागून माझं वैरणीचं दुकान होतं. माझं म्हणजे कफीलचं, ज्याच्या व्हिसावर मी तिथं होतो त्या मालकाचं. माझ्या वाट्याला गठ्ठे उचलणं, विकणं आणि बोलणी खाणं. मी रत्नागिरीकडचा, मासळीच्या वासात वाढलेला, आणि नशिबानं नेऊन बसवलं कुठं, तर उंटांच्या लेंड्यांत. चालायचंच.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी गेलो तेव्हा बाजार म्हणजे वाळूतलं मोकळं मैदान आणि पत्र्याच्या दोन-चार शेडी. बघता बघता वैरणीच्या दुकानांची रांग लागली, जनावरांच्या औषधांचं दुकान आलं, एका येमेनी माणसाचं चहाचं हॉटेल आलं, फोनकार्डवाला आला. वाळवंटातले तंबूत राहणारे बदू आधी कधीमधी यायचे, ते आता दर आठवड्याला पिकअपमधून बकऱ्या आणायचे आणि जाताना फ्रीज नाहीतर एसी लादून न्यायचे. पुढं पुढं तर परत जाणंच थांबलं. पोरं पोलिसात, शाळेत नोकरीला लागली, शहरात घरं झाली, आणि बापांनी आपापले कळप त्याच बाजारात विकून टाकले. आमच्या धंद्याला बरकत होती, खोटं कशाला बोलू.

अशांतलाच एक म्हातारा. मी त्याला अरबीत काका म्हणायचो, तो मला बेटा म्हणायचा. त्यानं सगळे उंट माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून विकले, फक्त एक सांडणी ठेवली. मुलगा म्हणाला, घराच्या अंगणात जनावर चालणार नाही, शेजारी तक्रार करतात. म्हणून म्हातारा माझ्याकडे आला. दुकानामागं कुंपण घातलेली मोकळी जागा होती, तिथं ठेवशील का, म्हणाला. त्याच्या बायकोनं हातानं भरवून वाढवलेली सांडणी ती, आणि बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. 'ही गेली की माझ्यापाशी काहीच उरत नाही बेटा,' एवढंच बोलला. मी हो म्हटलं.

मग तो रोज सकाळी यायचा. तिला खजूर भरवायचा, तिच्याशी तासभर बोलत बसायचा, माझ्या चहाला नावं ठेवायचा. 'चहात दूध घालता? वासरानं काय प्यायचं मग?' आणि जाताना तिला खाली बसवून तिचा पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडायचा आणि दोरीनं आवळून बांधायचा. बदूंची हीच पद्धत. तीन पायांवर उंट लांब जात नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, माणूस आवाजावरून ओळखायचा, पण गाठ मात्र चाचपून अशी मारायचा की बस्स. 'माझ्या हातची गाठ आजवर सुटलेली नाही,' ही त्याची फुशारकी.

मला ते बघवायचं नाही. आमच्याकडे उनाड गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतात, दावणीला बांधतात, पण पाय दुमडून? छे! एकदा तसं बोललोसुद्धा. म्हातारा हसला. म्हणाला, 'तुझी गाय संध्याकाळी आपसूक गोठ्यात येते. हिचं घर तिकडे आहे,' आणि त्यानं उत्तरेला हात केला. तिकडे, नव्यानं रुंद केलेल्या हायवेच्या पलीकडे, त्यांचा तंबू असायचा.

त्याच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. त्या दिवशीही तो आधी माझ्याकडे आला. खजूर भरवले, गाठ मारली आणि म्हणाला, 'उद्या येतो. दाणापाणी दे, दोरीला हात लावू नकोस.' 'जा बिनघोर,' मी म्हटलं.

दुपारी पाणी द्यायला गेलो तर दोरीखालचं कातडं सोललेलं, त्यावर माश्या बसलेल्या. ती मान वळवून कण्हत होती. माझा जीव कळवळला, आणि माझ्यातला दीडशहाणा जागा झाला. मी गुडघ्याची दोरी सोडली, जखमेला हळद लावली आणि गळ्यात नवी नायलॉनची दोरी घालून तिला खांबाला बांधलं, गावी म्हैस बांधतो तसं. तेवढ्यात जोहरची अजान झाली. शटर ओढलं आणि नमाजला गेलो. आज एक सवाबाचं, पुण्याचं काम झालं हातून, असं वाटत होतं मला.

परत आलो तर खांब होता, खाली दोरी पडली होती, सांडणी नव्हती. सुटली ती माझी गाठ. फाटकही ढकलून गेली होती.

मी धावत सुटलो. हायवेवर ट्रक आडवा झाला होता. ड्रायव्हर डोकं धरून कडेला बसला होता, त्याला काही लागलं नव्हतं. ती दुभाजकाजवळ पडली होती, अजून श्वास चालू होता. मी जवळ बसून तिच्या मानेवर हात ठेवला. थोड्या वेळानं श्वास थांबला.

मानेवर डागलेल्या खुणेवरून पोलिसांनी घराणं ओळखलं आणि म्हाताऱ्याच्या मुलाला बोलावलं. कफीलही आला. 'बांधली नव्हती का?' मुलानं विचारलं. माझा पासपोर्ट कफीलच्या कपाटात, घरी बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. मी म्हणालो, 'बांधली होती. काकांनीच बांधली होती. गाठ सुटली असेल.' पहिली दोन वाक्यं खरी होती. तिसऱ्यानं मी म्हाताऱ्याचा गळा कापला.

दुसऱ्या दिवशी तो डोळ्याला पट्टी बांधून आला. भिंत धरत धरत कुंपणात गेला, खाली बसला आणि आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत राहिला. 'डोळ्यांपाठोपाठ हातही गेले,' म्हणाला. मग हुंदके देऊन रडला. बोल रे मेल्या, बोल आता, असं मी स्वतःला म्हणत होतो. पण मी त्याला नुसतं पाणी आणून दिलं.

त्यानंतर तो बाजारात आला नाही. दिवसभर मुलाच्या घरी बसून असतो, कशाला हात लावत नाही, चहाचा पेलासुद्धा दुसऱ्यानं द्यावा लागतो, असं कानावर यायचं. मी दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि बेल न वाजवता परत फिरलो. भेकड, दुसरं काय!

मग हजचे दिवस आले. हजला निघालेला माणूस ओळखीपाळखीच्यांकडे जाऊन माफी मागून घेतो. आमच्या गावीही हीच रीत. एका सकाळी तो मुलाच्या गाडीतून माझ्या दुकानासमोर उतरला. ऑपरेशन चांगलं झालं होतं. माझा चेहरा त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिला. 'तू तर अगदीच तरुण आहेस रे,' म्हणाला. मग माझे हात हातात घेऊन म्हणाला, 'माझ्या ढिल्या गाठीपायी तुला पोलिसांपुढं उभं राहावं लागलं, कफीलची बोलणी खावी लागली. अल्लासाठी मला माफ कर, बेटा.'

मुलगा गाडीत बसून होता. दुकानात आम्ही दोघंच. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता, माफी घेतल्याशिवाय तो जाणार नव्हता.

'माफ केलं, काका,' मी म्हणालो.

त्यानं माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि तो गाडीत जाऊन बसला.