मामा आणि ताईच्या पोटातली खळ

जगातली कुठलीही गोष्ट 'ही आली कुठून' असं विचारल्याशिवाय हातात न घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मामा पॅथॉलॉजिस्ट. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजार ओळखणारे डॉक्टर. निवृत्त झाल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शक जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. मामी तो कोपरानं सरकवून पोळी वाढतात. शहागंजच्या बाजारात खजूर घेताना मामा विचारणार, "मियाँ, ये आया कहाँ से?" "ट्रक से आया, डाक्टरसाब." "उसके पहले?" मागं गिऱ्हाइकं खोळंबलेली. माझं लग्न ठरवायच्या बैठकीत त्यांनी पगार विचारला नाही. माझा डावा कान जरा दुमडलेला आहे; तो आईकडून आला की वडिलांकडून, यासाठी मात्र आमच्या घरातल्या झाडून सगळ्यांचे कान तपासले.

सोयगावला दिलेल्या माझ्या ताईचं पोट वाढायला लागलं, तेव्हा हा प्रश्न आमच्या घरात शिरला. "गॅस असंल, लई दिवसांचा हाय," म्हणत ती साडी सैल नेसत राहिली. शेवटी शहरात आणून ऑपरेशन केलं. अंडाशयावरची गाठ काढली, आणि पोटातून पिवळसर खळीसारखा चिकट पदार्थ निघाला. रिपोर्ट अंडाशयाच्या कॅन्सरचा आला. सोमवारपासून केमो ठरली. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. मी त्या गाठीच्या काचपट्ट्या मामांकडे नेल्या त्या खरं तर धीराचे दोन शब्द ऐकायला. मामांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. ताटातलं वरण गार झालं. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "हिचं अपेंडिक्स कुठंय?"

ते कुणी काढलंच नव्हतं. मामांनी केमो थांबवायला सांगितली, तसे भाऊजी तडक त्यांच्या घरी आले. नेहमी मामांसमोर खाली मान घालून बसणारा माणूस उभाच राहिला.

"मामा, माझी बायको तिकडं झुरायलीय. कुठून आलं ते इचारून काय करायचं? औषध सुरू करू द्या."

"करू. पण कोणतं?" मामा म्हणाले. "रिपोर्ट देणाऱ्याचा दोष नाही, हे दिसतंच तसं. पण या पेशी चिकट पाणी बनवायल्यात, आतड्यातल्या बनवतात तसं. अपेंडिक्समध्ये गाठ होऊन ते फुटलं असंल, तर पेशी पोटभर सांडल्यात आणि अंडाशयावर नुसत्या जाऊन बसल्यात. मग हे औषध वाया, अन् वेळही."

"अन् तुमचं चुकलं तर?"

मामींनी भाऊजींना खुर्ची दिली, पाणी आणलं. "चुकलं तर चार दिवस मी वाया घालवले असतील," मामा हळूच म्हणाले. भाऊजी खुर्चीत बसले, पाणी मात्र प्यायले नाहीत.

त्या चार दिवसांत मामांनी खजूर आणले नाहीत, कुणाला काही विचारलं नाही. मोठ्या प्रयोगशाळेत त्या तुकड्यांवर खास रंग चढवून पाहिले. आतड्याच्या पेशी जो रंग धरतात, तोच यांनी धरला. जुना स्कॅन पुन्हा पाहिला, तर अपेंडिक्स बोटासारखं फुगलेलं. ताईचं पहिलं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः पुण्याच्या सर्जनला फोन लावला. तिथं दिवसभर चाललेल्या ऑपरेशनमध्ये ताईच्या पोटातली खळ निपटून काढली, अपेंडिक्सही काढलं आणि उरल्यासुरल्या पेशी मारायला पोटात गरम औषध फिरवलं. मामा बाहेर आमच्याजवळ बसून होते. सर्जन बाहेर येऊन "निघालं सगळं" म्हणाले, तेव्हा भाऊजी मामांच्या पाया पडायला वाकले. मामा उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ वळले नाहीत.

हा आजार परतू शकतो, म्हणून दर वर्षी ताईचा स्कॅन होतो. स्कॅनच्या दिवशी ती मामांकडेच उतरते. मामींच्या हातची भाजी तिखट नाय म्हणते आणि दोनदा घेते. मामांची नजर आता अधू झालीय. यंदा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी वाचला. पोटात नवीन काही दिसत नाही, असं शेवटच्या ओळीत लिहिलं होतं.

मामा डोळे मिटून ऐकत होते. ताई त्यांच्या शेजारी बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून.

"शेवटची ओळ पुन्हा वाच," मामा म्हणाले. "सावकाश."