मेहरुनची कापसाची पेटी

चाळीसगावात स्टेशनामागच्या गल्लीत नासीर पिंजाऱ्याच्या घरी एक लाकडी पेटी होती आणि तिच्यावर त्याच्या बायकोचा, मेहरुनचा, पोटच्या पोराइतका जीव होता. रेशनचं रॉकेल महिनाअखेरपर्यंत पुरायचं नाही, म्हणून तिनं ही युक्ती काढली होती. रात्रभर भिजवलेले अख्खे उडीद ती सकाळी स्टोव्हवर जेमतेम पंधरा मिनिटं खळखळू द्यायची, झाकणाची फट कणकेनं लिंपायची आणि डेगची जुन्या कापसानं भरलेल्या पेटीत खोल पुरून वरून गोधडी घालायची. संध्याकाळपर्यंत उडीद आपले आपण लोण्यासारखे व्हायचे. अट एकच, मध्ये उघडायचं नाही. ऊब गेली की उडीद रुसायचे.

गल्लीतल्या बायका दारातून विचारायच्या, भाभी, बाळ झोपलं का? मेहरुन ओठांवर बोट ठेवायची.

तिचा धुळ्याचा भाऊ हबीब मात्र सांगत सुटला होता, की त्या पेटीत फार तर मांजरीची पिल्लं उबतील. म्हणून तिनं त्याला मुद्दाम उडीद खायला बोलावलं. संध्याकाळच्या गाडीनं तो येणार होता.

नेमक्या त्याच दुपारी द्रौपदाबाई आल्या. दवाखान्यात नर्स. मुलीच्या लग्नाच्या गाद्यांसाठी त्यांनी घरच्या शेतातला कापूस दिला होता. पिंजारी नव्यात जुना मिसळेल या धास्तीनं गिऱ्हाइकानं समोर ठाण मांडून बसायचं, ही इकडची रीतच. ड्यूटीमुळे बाईंना उशीर झाला होता आणि आल्या आल्या त्यांची नजर पलंगाखाली गेली. गोधडीच्या कडेनं कापूस डोकावत होता.

"हा कापूस कुणाचा, भाभी?"

"आमचाच, अक्का. जुना आहे."

"मग पांघरूण कशाला?"

मेहरुननं सगळी हकीकत सांगितली. सांगता सांगता तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं. पंचवीस वर्षं बाईंनी रोग्यांच्या थापा ऐकल्या होत्या, पण कापसात उडीद शिजतात ही नवीन होती.

उडीद शिजायला अजून दोन तास बाकी होते. नासीर खाली मान घालून पिंजत होता. आजवर त्याच्या मालावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. हबीब हसेल तर हसू दे, असं मनाशी म्हणत मेहरुननं पेटी ओढली आणि गोधडी दूर केली.

"घाला हात, अक्का."

बाईंनी कोपरापर्यंत हात खुपसला आणि विंचू चावल्यासारखा बाहेर घेतला. कापूस चहाच्या रंगाचा, आणि आत खरंच डेगची. संशय असा चिवट, की त्यांनी झाकणही उघडून पाहिलं. उडीद अर्धेकच्चे होते.

मग बाई फार ओशाळल्या. त्यांनी डेगची फडक्यात धरली आणि आपल्या गॅसवर चढवायला भर उन्हात घरी निघाल्या. बायकांनी विचारलं, बाळाला कुठं नेता?

"दवाखान्यात," बाई म्हणाल्या.

दिवेलागणीला डेगची परत आली. हबीबनं तीनदा वाढून घेतलं आणि पेटीचं तोंडभर कौतुक केलं. मेहरुनला गप्प बसता आलं असतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"हे गॅसचे आहेत, भाई. घाईत शिजलेत. पेटीचे खायला पुढच्या जुम्म्याला ये."

त्या जुम्म्याला द्रौपदाबाईंनी रजा टाकली. सकाळपासून त्या पेटीसमोर ठाण मांडून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी कुणाला, अगदी मेहरुनलाही, गोधडीला हात लावू दिला नाही.